दूरसंवाद आणि आपुलकीची नाती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्यासमोर चार शब्द मांडण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही. माझे सारे आयुष्य सांगलीच्या गणपती पेठेत किराणा मालाच्या दुकानात गेले. तेव्हा शास्त्राधारे काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. जे पाहिले, वाचले आणि भोगले तेवढेच सांगणार आहे.

कार्यकर्त्यांनी विषय सुचवला तो असा, की मोबाईल आणि इंटरनेट यांच्या माध्यमातून जुळलेली नाती खरी असतात काय? आपल्या समाजात या प्रश्नाची दोन उत्तरे ठरून गेली आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, मोबाईलने माणसे तोडली, घरात चार माणसे बसतात आणि चारही माना खाली असतात. तरुण म्हणतात, उलट याच मोबाईलमुळे अमेरिकेतल्या बहिणीचे बाळ आम्ही रोज पाहतो. दोघांचेही खरे आहे. म्हणून मी हा प्रश्न थोडा मागे नेऊन विचारू इच्छितो. समोर नसलेल्या माणसाशी नाते कशाच्या बळावर टिकते?

हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांना नवा नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले, आणि आजही तेथील घराघरांतून सैन्यात भरती होण्याची परंपरा चालू आहे. अशा गावांतून पिढ्यान् पिढ्या संसार झाले ते पत्रांवर. इकडे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या दुष्काळी भागांतील तरुण सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. केरळातल्या किंवा बंगालमधल्या एखाद्या शहरात सराफ कट्ट्याच्या मागच्या गल्लीत पाहावे, तेथे विट्याकडचा गलाईवाला भेटतो. जावळी-पाटणची माणसे मुंबईत माथाडी म्हणून राबली. या सर्वांचे घर गावाकडे आणि माणूस परमुलखात, अशीच स्थिती होती. तेव्हा दूर राहून नाते जपणे, ही काही मोबाईलने आपल्यावर आणलेली नवी आपत्ती नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांनी ते आयुष्यभर केले आहे.

ते कसे केले, हे आठवून पाहावे. महिन्याकाठी एक आंतरदेशीय पत्र येई. पोस्टमनच ते वाचून दाखवी, किंवा शाळेत जाणारा मुलगा वाची. त्यात म्हैस व्यायली का, पाऊस झाला का, आईच्या गुडघ्याला आता कसे आहे, अशी विचारणा असे. तारही होती, पुढे दूरध्वनी आला, एस.टी.डी.चे पिवळे फलक लागले. रात्री उशिरा दर कमी होत म्हणून त्या वेळी बूथसमोर रांगा लागत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्याच वर्षी जुलैअखेर देशात मोबाईलवरचा पहिला संवाद झाला होता. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. साधने बदलत गेली. परंतु म्हशीची आणि गुडघ्याची विचारपूस ज्या पत्रात असे ते पत्र जपून ठेवले जाई आणि नुसते ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलेले कार्ड तारेला टोचून विसरले जाई, हा भेद मात्र तेव्हाही होता.

आपल्या परंपरेत याचे एक सुंदर उदाहरण आहे. पूर्वीच्या काळी श्वेतांबर संघ दूरच्या आचार्यांना चातुर्मासासाठी येण्याची विनंती करणारी आणि क्षमायाचना करणारी लांबलचक पत्रे पाठवीत. त्यांना विज्ञप्तिपत्र म्हणत. अशा कित्येक पत्रांत पाठवणाऱ्याच्या गावाचीच चित्रे काढलेली असत. बाजारपेठ, दुकाने, मंदिरे, रस्त्यावरची माणसे, सारे त्यात असे. १६१० साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना गुजरातेत पाठवलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. शालिवाहन नावाच्या चित्रकाराने त्यात जहांगीर बादशहाच्या दरबाराचे चित्र काढले आहे. पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या फर्मानाची हकीकत त्या चित्रांतून सांगितली आहे. दूर असलेल्या गुरूला आपले गाव, आपली सुखदुःखे डोळ्यांसमोर उभी राहावीत, हा त्यामागचा भाव. आज आपण मोबाईलवर छायाचित्र पाठवतो त्याचेच हे चारशे वर्षांपूर्वीचे रूप म्हणता येईल. फरक एवढाच, की ते पत्र एका विशिष्ट व्यक्तीसाठी, अनेक दिवस खपून तयार केलेले असे.

दुसरे उदाहरण महात्मा गांधी आणि श्रीमद् राजचंद्र यांचे. १८९१ च्या जुलैमध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन विलायतेहून मुंबईस उतरले, तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची राजचंद्रांशी गाठ पडली. राजचंद्र त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे होते आणि जवाहिराचा व्यापार करीत. पुढे गांधीजी दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या मित्रांशी चर्चा होऊ लागल्या आणि त्यांच्या मनात धर्माविषयी मोठी खळबळ माजली. तेव्हा, १८९४ साली, त्यांनी राजचंद्रांना पत्राने २७ प्रश्न विचारले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय, असे ते प्रश्न होते. शेवटचा प्रश्न असा होता, की साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे?

या शेवटच्या प्रश्नाचे राजचंद्रांचे उत्तर मला नेहमी विचार करायला लावते. सिद्धांत सांगून मोकळे होणे त्यांना सोपे होते. पण ते आधी म्हणतात, की तुम्ही त्याला चावू द्या असे सांगताना मला संकोच वाटतो. त्यानंतर ते देहाच्या नश्वरतेचा विचार मांडतात. हा संकोच कशाचा? आपण ज्याला लिहीत आहोत तो परदेशात एकटा आहे, तरुण आहे, आपल्या शब्दाला किंमत देणारा आहे, याची त्यांना जाणीव होती. उत्तर प्रश्नाला होते, तसेच ते प्रश्न विचारणाऱ्यालाही होते. मध्ये अख्खा समुद्र असूनही तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

कोणी म्हणेल, त्यांची आधी प्रत्यक्ष ओळख होती. बरोबर आहे. गांधीजींनी आत्मकथेत राजचंद्रांचा प्रभाव प्रत्यक्ष संपर्काचा, तर टॉलस्टॉय आणि रस्किन यांचा ग्रंथांतून झालेला, असा भेदही केला आहे. पण त्याच टॉलस्टॉय यांच्याशी गांधीजींचा १९०९ आणि १९१० या दोन वर्षांत पत्रव्यवहार झाला. दोघे कधीही भेटले नाहीत. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये टॉलस्टॉय निवर्तले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी उभारलेल्या वसाहतीला गांधीजींनी त्यांचे नाव दिले होते. न भेटलेल्या माणसाशीही खरे नाते जुळते, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता आपल्या काळाकडे येऊ. १९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणे सोपे नव्हते, पुष्कळदा रोमन अक्षरांत मराठी लिहावे लागे. देशोदेशीची, एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे तेथे टोपणनावांनी लिहू लागली. पुरणपोळीचे पुरण सैल झाले तर काय करावे, येथपासून गझलेच्या वृत्तापर्यंत चर्चा झाल्या. मग ‘हितगुज’ या नावाचा दिवाळी अंक निघू लागला. वेगवेगळ्या देशांतील माणसे आपल्या रात्री जागवून त्याचे संपादन, मुद्रितशोधन आणि सजावट करीत. आणि गंमत अशी, की यांतूनच प्रत्यक्ष भेटीची ओढ निर्माण झाली. पावसाळ्यात ‘वर्षाविहार’ या नावाने सहली निघू लागल्या, टोपणनावांना चेहरे मिळाले. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की ही माणसे मैत्री करायची म्हणून जमली नव्हती. मराठीत काही लिहावे, वाचावे, काही मिळून करावे यासाठी ती जमली. मैत्री त्या कामाच्या पोटी आली. शेजारपाजारही असाच जुळतो, लग्नकार्यात बरोबर पापड लाटल्याने आणि पंगतीत बरोबर वाढल्याने.

याच साधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती माणसे बहुतांशी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा तेव्हा मोबाईलवरून फिरत होत्या. त्या मजकुरावर लिहिणाऱ्याचे नाव नव्हते आणि तो कोणा एकाला उद्देशून लिहिलेला नव्हता. ज्याने पुढे पाठवला त्याला वाटले, मी तर फक्त पुढे पाठवला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही, असे बंधन घातले. ज्या शब्दाची जबाबदारी कोणीच घेत नाही तो शब्द किती घातक होतो, हे आपण त्या वर्षी पाहिले.

बंधू-भगिनींनो, त्याच वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, माझ्या स्वतःच्या घरात जे घडले ते आज मी सांगणार आहे. हे सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ज्यांच्यासमोर आयुष्यभर मोठेपणाने वावरलो त्यांच्यासमोर ते सांगणे हेही एक प्रायश्चित्त आहे, असे वाटून सांगतो.

मला एक धाकटा भाऊ होता. १९९८ साली वडील वारल्यानंतर आमची वाटणी झाली. वाटणीच्या वेळी वडिलांची उधारीची एक वही मी बाजूला ठेवली आणि ती हरवली असे भावाला सांगितले. त्या वहीतली वसुली पुढे तीन वर्षे मी एकट्याने केली. भावाला हे बाजारातूनच कळले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बायको आणि तीन वर्षांचा मुलगा यांना घेऊन तो तामिळनाडूत इरोडला गेला. सांगलीसारखीच तीही हळदीची पेठ. तेथे त्याने हळदीच्या दलालीत जम बसवला. वीस वर्षे आमचा संबंध लग्नपत्रिकांपुरता उरला.

मोबाईल आल्यावर मी दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी एक सुरेखसा संदेश, फुलांच्या चित्रासह, दोनशे-सव्वादोनशे लोकांना एकदम पाठवीत असे. वर्षभरात कळत-नकळत काही चूक झाली असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी, असा मजकूर. त्या यादीत भावाचाही नंबर होता. त्याचे उत्तर कधी आले नाही. मी मनात म्हणे, मी माझे कर्तव्य केले, आता त्याचे तो पाहील. त्या वर्षी असाच संदेश पाठवून मी समाधानाने चहा पीत बसलो होतो. पत्नी म्हणाली, “अहो, एवढ्या लोकांची क्षमा मागितलीत. यांतल्या कोणाचे काय चुकवले होते तुम्ही?” मी विचार करू लागलो. दोनशे नावांत एकच नाव असे होते, ज्याचे मी खरोखर काही चुकवले होते.

त्या रात्री मी भावाला स्वतंत्र संदेश लिहिला. वही हरवली नव्हती, मी लपवली होती. तिच्यातली वसुली मी घेतली. ही माझी चूक, तू मला क्षमा कर. एवढ्याच तीन ओळी. त्या लिहायला मला दोन तास लागले. ‘कळत-नकळत’ हा शब्द दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. समोरासमोर हे मला कधीच बोलता आले नसते, हेही कबूल करतो. थोरला भाऊ धाकट्याच्या डोळ्यांत पाहून असे बोलू शकत नाही. मध्ये पडदा होता म्हणूनच जीभ उचलली. हा या साधनाचा मोठा उपकार मी मानतो.

नऊ दिवस उत्तर आले नाही. दहाव्या दिवशी आले. “अण्णा, पैशांचे राहू दे. ती वही अजून आहे का? बाबांचे अक्षर बघायचे आहे.”

वही होती. मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर तिच्या एका पानाचे छायाचित्र काढून त्याला पाठवू लागलो. प्रत्येक पानावर पाच-सहा नावे. त्या नावांवरून आम्ही बोलू लागलो. हा कुपवाडचा गुऱ्हाळवाला, हा दरवर्षी गूळ देऊन उधारी फेडायचा. ही विधवा बाई, हिच्या नावापुढे बाबांनी रक्कम लिहिलीच नाही, नुसती रेघ ओढली आहे. वडिलांचा स्वभाव त्या वहीतून आम्हा दोघांना म्हातारपणी नव्याने कळला. वसुलीतील त्याचा वाटा त्याने घेतला नाही. तो दोघांच्या संमतीने शिक्षणनिधीस दिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेले आम्ही, त्या खुणेपर्यंत पाणी येईल या हिशेबाने माल वर चढवला होता. हिशेब चुकला. दुकान बुडाले, त्यात ती वहीही गेली. त्या आठवड्यात भाऊ दर दोन तासांनी इरोडहून फोन करीत होता. कोणत्या गल्लीत नाव फिरते आहे, कोठे जेवण मिळते आहे, हे तो तिकडे बसून लोकांना विचारून मला कळवीत असे. पाणी उतरल्यावर तो स्वतः आला. एकवीस वर्षांनी आम्ही समोरासमोर उभे राहिलो. दोघांच्याही हातांत खराटे होते. चिखल काढता काढता एकमेकांशी फारसे बोललोही नाही. बोलायचे ते वर्षभर बोलून झाले होते. जाताना त्याने मोबाईल पुढे केला. वहीची सारी पाने त्यात होती.

ती आमची शेवटची भेट. पुढे कोरोना आला आणि २०२१ च्या मे महिन्यात त्या आजाराने तो गेला. मला जाता आले नाही. अंत्यदर्शनही मोबाईलच्या पडद्यावर घेतले. तेव्हा मला कोणी विचारले असते, की हे नाते खरे होते काय, तर मी काय उत्तर दिले असते? घरे शेजारी असताना मी त्याला फसवले होते, आणि शेकडो किलोमीटरवरून त्याच्याशी खरे बोललो होतो. भेट एकदाच झाली, ती आधी का झाली नाही याची रुखरुख मात्र मरेपर्यंत राहील. मोबाईल होता म्हणून भेट लांबणीवर टाकत गेलो, हाही माझाच दोष.

त्याचा मुलगा इरोडलाच वाढलेला. त्याचे मराठी अडखळते आहे. वडील गेल्यानंतर महिन्याभराने त्याचा संदेश आला. सोबत वहीचे एक पान, आणि प्रश्न, “काका, हे कोण?” तेव्हापासून आता पुन्हा रोज एक पान चालू आहे. हा पुतण्या तीन वर्षांचा असताना मी त्याला पाहिले होते. त्याच्याशी माझे जे नाते आहे ते सर्वस्वी या पडद्यावर जुळलेले आहे. मी त्याला ‘वायदा’, ‘जमाखर्च’ असे शब्द सांगतो, तो मला तमिळ हळदबाजाराच्या गोष्टी सांगतो. गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब सांगलीस येऊन चार दिवस राहिला. घरात शिरताना त्याला वाट विचारावी लागली नाही.

या सर्व अनुभवातून माझ्या अल्पबुद्धीला जे उमगले ते थोडक्यात मांडतो. आपण जो संदेश पाठवतो तो नाव बदलून दुसऱ्या कोणालाही पाठवता येईल काय, हे स्वतःला विचारावे. येत असेल, तर तो शिष्टाचार आहे. शिष्टाचार वाईट नाही, पण त्याला नाते समजू नये. त्या एका माणसाशिवाय दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही असे एक तरी वाक्य ज्यात आहे, तेथे नात्याला सुरुवात झाली. उत्तराची वाट पाहण्याची तयारी हवी. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, म्हणून रुसणारी मैत्री टिकत नाही. आणि वेळ आली की खराटा घेऊन उठून जाण्याची तयारी हवी.

काही गोष्टी मात्र पडद्याने साधत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहिली, स्वतःच्या हातांनी स्वयंपाक करून एका पंगतीत जेवली. जातीच्या भिंती पाडण्याचे ते काम पत्राने किंवा भाषणाने झाले नसते. एका ताटात वाढलेल्या भाकरीनेच ते व्हायचे होते. लहान मुलांना आजी-आजोबांची मांडी लागते, आजाऱ्याला उशाशी माणूस लागते. तेथे व्हिडिओ कॉल करून आपण सुटलो, असे कोणी मानू नये.

उपवर मुलामुलींच्या पालकांनाही दोन शब्द सांगतो. आता स्थळे मोबाईलवर येतात, मुले-मुली परस्पर बोलतात. याला भिऊ नये. आमच्या वेळी पोहे खाताना दहा मिनिटांत आयुष्याचा निर्णय होत असे, त्यापेक्षा तीन महिन्यांचे मोकळे बोलणे केव्हाही बरे. पण होकारापूर्वी एकमेकांच्या घरी जावे, शेजाऱ्यांशी बोलावे, घरातले लोक कामवाल्या बाईशी कसे बोलतात ते पाहावे. भेट होण्याआधीच कोणी पैशांची अडचण सांगू लागला, किंवा भेट सतत पुढे ढकलू लागला, तर तेथेच थांबावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. मुलीला किंवा मुलाला दोष देत बसू नये, दोष फसवणाऱ्याचा असतो.

शेवटी एक नम्र विनंती. येत्या क्षमावाणीला, संवत्सरीला, आपण सर्वांनी तो फुलांचा संदेश जरूर पाठवावा. त्यात आनंद आहे. पण त्याआधी यादीतील एकच नाव निवडावे. कोणते, ते प्रत्येकाला ठाऊक असते. त्याला स्वतंत्र लिहावे, आणि जे चुकले ते त्याच्या नावानिशी लिहावे. ‘कळत-नकळत’ हा शब्द तेवढा गाळावा. उत्तर येईलच असे नाही. मला नऊ दिवस वाट पाहावी लागली, कोणाला नऊ वर्षे पाहावी लागेल. पण आपण लिहिलेले असावे. मी वीस वर्षे उशीर केला आणि मला भाऊ मिळाला तो पावणेतीन वर्षांसाठी. आपण एवढा उशीर करू नये.

संस्थेच्या पुढील वाटचालीस अंतःकरणपूर्वक शुभेच्छा देतो. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी, आणि कोणाचे दुखावले ते त्यांनी मला सभेनंतर अवश्य सांगावे, म्हणजे त्यांच्या नावानिशी मागता येईल. 

जय जिनेंद्र.